तांदळातलं नाव

मनोरमाबाईंनी होणाऱ्या सुनेचं नाव कधीच ठरवून टाकलं होतं. मुलगा नीरज, म्हणून सून नीलम. मुलीचं स्वतःचं जागृती हे नाव काही वाईट नव्हतं. पण लग्नात नाव बदलायचं ही घरची रीत, आणि रीतीपुढे मनोरमाबाई कुणाच्या बापाचं ऐकत नसत. इथे तर प्रश्न बापाचाच होता.

"आई, ते तिच्या बाबांनी ठेवलंय," नीरज म्हणाला. "जन्मली तेव्हा रडलीच नव्हती. बाबा रात्रभर जागत बसले, पहाटे हिने डोळे उघडले. आता बाबा नाहीत. नाव तेवढं राहिलंय."

"माझंही माझ्या बापानेच ठेवलेलं. शेवंती. दारात शेवंती फुलली होती म्हणून. तुझ्या वडलांचं नाव मनोहर, म्हणून मी झाले मनोरमा. मेले का मी?"

जागृती समोरच बसली होती. "चालेल, आई," ती म्हणाली आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मनोरमाबाईंना ते 'चालेल' उगाचच टोचलं. अगदी असंच 'चालेल' त्यांनीही एकदा म्हटलं होतं.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात समोरच्या दारातल्या फिलोमिनाबाई लाडू वळायला आल्या. भाईंदरच्या नवघरमधली ही बिल्डिंग नवी असल्यापासूनचा शेजार. फिलोमिनाबाईंचं माहेर समुद्रकाठच्या चौक गावचं, कोळ्यांचं. दर रविवारी चर्चमध्ये त्या पोरांना बायबलच्या गोष्टी शिकवायच्या, आणि उरलेले सहा दिवस बिल्डिंगला.

"तुमच्यात बदलतात का हो सुनेचं नाव?" मनोरमाबाईंनी विचारलं.

"सुनेचं न्हाय. पण देव बदलतो की! अब्राम म्हातारा झालेला, बायकोची कूस उजवली न्हाय. देव म्हणाला, आजपासून तू अब्राहाम, पुष्कळांचा बाप. येशूने शिमोनाला पेत्र केलं, म्हणजे खडक. तेव्हा तो साधा मासे मारणारा, आमच्या बाबासारखा. मी पोरांना सांगते, देव नाव बदलतो तेव्हा काय हिसकावून घेत न्हाय. पुढचं सगळं त्या नावात बांधून देतो."

मनोरमाबाईंचा लाडू हातातच फुटला. फिलोमिनाबाईंची गाडी मात्र सुटली होती.

"एकीने आपलं आपणच बदललं बघा. नामी तिचं नाव, म्हणजे गोड. परमुलखात नवरा गेला, दोन्ही मुलगे गेले. विधवा सुनेला घेऊन गावी परतली. बायका म्हणाल्या, अगं, ही नामीच हाय ना? ती म्हणाली, नामी नका म्हणू, मारा म्हणा. मारा म्हणजे कडू. पण पुढे अख्ख्या गोष्टीत तिला एकीनेही मारा म्हटलं न्हाय. सुनेचं बाळ मांडीवर घेतलं तेव्हाही ती नामीच."

"का नाही म्हटलं?"

"त्यांना तिचं खरं नाव ठाऊक होतं ना!"

माझं कुणाला ठाऊक आहे? मनोरमाबाईंच्या मनात आलं. आईवडील गेले, भाऊ गेला. शेवंती म्हणून हाक मारणारं उभ्या भाईंदरात कुणी उरलं नव्हतं. भरल्या लग्नघरात बाईंना एकदम पोरकं वाटलं.

लग्न झालं. संध्याकाळी नवरानवरी घरी आली, लक्ष्मीपूजन झालं आणि नाव लिहायला तांदळाचं तबक समोर आलं. नीरजने अंगठी घेतली. आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहायची त्याची छाती झाली नाही. त्याने 'न' काढला तोच मनोरमाबाईंनी त्याचं मनगट धरलं.

"पूस ते. जागृती लिही."

"अहो वहिनी," शैला नणंद म्हणाल्या, "तेच नाव ठेवायचं तर तांदूळ मांडले कशाला? पुलाव करायला?"

"वन्सं, सुनेला काहीतरी द्यायचं म्हणून मांडले. द्यायच्या वेळी तिच्याकडचं हिसकावून कशाला घेऊ? बापाने दिलेलं तेच आज आपणही देऊ."

नीरजने लिहिलं. जागृतीच्या डोळ्यांना धार लागली. तशाच डोळ्यांनी तिने त्याच्या हातातली अंगठी घेतली, खालच्या मोकळ्या तांदळावरून तळहात फिरवला आणि सावकाश लिहिलं: शेवंती.

"तुमचंही, आई," ती म्हणाली.

मनोरमाबाई तबकाकडे बघतच राहिल्या. शाळा सुटल्यापासून हे नाव त्यांनी कुठे लिहिलेलं पाहिलं नव्हतं. लेक नव्हती त्यांना. आज देवाने ती घरपोच दिली, आणि येताना ही पोर त्यांचं हरवलेलं माहेर तेवढं घेऊन आली होती.

दाराशी फिलोमिनाबाई उभ्या होत्या. त्यांनी मान लांब करून तबकातली दोन्ही नावं वाचली. इतक्या वर्षांचं 'अहो मनोरमाबाई' त्यांनी बाजूला ठेवलं आणि बिल्डिंगभर ऐकू जाईल असा आवाज लावला.

"अगं शेवंती! पेढे तू वाटतेस का मी वाटू?"

हे घडवणारा देव फिलोमिनाबाईंचा की आपला, हे बघायला मनोरमाबाईंना आत्ता फुरसत नव्हती. त्यांनी मनातल्या मनात दोघांनाही हात जोडले. मग सुनेच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि दाराकडे वळून, कितीतरी वर्षांनी, शेवंतीने ओ दिली.