मरतुकडी प्लेट

"मॅडम, बुरशीला सर्दी होते का?"

अख्खा वर्ग खो खो हसला. मैत्रिणींनी पैजच लावली होती, हे विचारलंस तर भेळ! आणि भेळेसाठी मी काय वाट्टेल ते विचारू शकते. तशीही त्या दिवशी माझी लाज निघायची काही शिल्लक नव्हती. शाळेची सहल कुठं, तर नगरजवळच्या या शेती संशोधन केंद्रात. जिथं माझे आप्पा साफसफाईला आहेत आणि ज्याच्या मागच्या खोलीत आम्ही राहतो. म्हणजे माझी सहल माझ्याच घरी! "पंके, चहा तुमच्याकडंच ना?" असं बसमध्येच सुरू झालं होतं.

केंद्रातल्या संशोधक रुपालीमॅडम मात्र हसल्या नाहीत.

"होते," त्या म्हणाल्या. "अगदी सर्दी नाही, पण विषाणूची लागण होते. ये, दाखवते."

त्यांनी कपाटातून दोन काचेच्या प्लेट काढल्या. दोन्हींत हरभऱ्याला मर रोग लावणारी बुरशी. एकीत ती पिंजलेल्या कापसासारखी काठापर्यंत पसरलेली. दुसरीत मधोमध फिकट, विरळ ठिपका, जणू कुणी फुंकर मारली तर संपेल.

"ही आजारी आहे. हिच्यात विषाणू शिरलाय. माणसाला मुद्दाम आजारी पाडून बघता येत नाही, हिला येतं. विषाणू आत जाऊन काय काय मोडतो, ते हिच्यात दिसतं. ही मिरजगावच्या एका शेतात सापडली. अजून कुठं मिळाली नाही. सोमवारी गोठवून जपून ठेवणार आहे."

मी इतकी जवळून बघत होते की माझ्या श्वासानं काच धुरकट झाली. हे सगळं चाललं होतं तेव्हा आप्पा बाहेर आमच्या वर्गाच्या चपला ओळीत लावत होते.

भेळ मला मिळाली. पण ती खातानाही मी त्या ठिपक्याचाच विचार करत होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. मॅडम नगरला घरी. मी आणि आई आप्पांचा डबा घेऊन लॅबच्या मागच्या पडवीत गेलो, तर आप्पा एकदम खुशीत. वाफेचा मोठा कुकर सुरू होता. टाकून द्यायचं सगळं आधी त्यात उकळतात, म्हणजे रोग बाहेर जात नाही.

"मॅडम म्हनल्या हुत्या, जुन्या प्लेटी काढून कपाटात जागा करा," आप्पा म्हणाले. "म्या पार विरळनीच केली बघ. दनकट तेवढ्या ठिवल्या. मरतुकड्या समद्या काढल्या."

माझ्या हातातला डबा खाली ठेवायचंही मला सुचलं नाही.

"आप्पा, मरतुकड्या कुठंयत?"

"ह्यात." त्यांनी कुकर दाखवला. "शिजत्यात."

"बंद करा! आधी बंद करा!"

त्यांनी बटण दाबलं. दाबाचा काटा मात्र वरच. वाफ कोंडलेली असताना झाकण उघडलं तर तोंड भाजतं, हे आप्पांनीच मला शिकवलेलं. सू सू आवाज येत राहिला आणि मी त्यांना काल ऐकलेलं सगळं एका दमात सांगितलं. आप्पांचा चेहरा उतरत गेला.

"रोगट रोप ऱ्हाऊ दिलं तर वाफा जातो पोरी. कुनीबी हेच करंल."

"कुकरात मावल्या का समद्या?" आईनं विचारलं.

मावल्या नव्हत्या! मी कोपऱ्यातल्या बादलीवर झडप घातली. वरच्या प्लेटचं झाकण निघालेलं, आत मुंग्या. खाली चहाचा कागदी कप, हातमोजे, आणि त्याखाली एक प्लेट. झाकणावर मॅडमचं अक्षर, 'मिरजगाव'. आत तो फिकट ठिपका. झाकणाच्या कडेला बारीकशी चीर.

"घावली!" आप्पांनी ती सदऱ्याला पुसली. "कपाटात ठिवून देतो. कुनाला कळायचं न्हाई."

"चीर पडलीय आप्पा. कचऱ्यातलं काय आत गेलं असलं तर? मॅडम उद्या तशीच गोठवतील अन् वर्षभर भलत्यालाच बघत बसतील."

"बघू दे की!" आई उसळली. "मागच्या वॉचमनला एका चुकीत घरी पाठिवलं, ठावं हाय ना? ह्यांचं काम गेलं की भिमाजी मुकादम बसलाच हाय वाट बघत. परवा त्याचा टेम्पो निघतोय कारखान्याला. मग कोयता अन् फड. तुझी दहावी ऱ्हाईली हितंच."

ते मला सांगायची गरज नव्हती. आठवीचं निम्मं वर्ष मी उसाच्या फडात मोळ्या बांधण्यात घालवलंय. या वर्षी आप्पांना हे काम मिळालं आणि पहिल्यांदा आमच्या दाराला दिवाळीआधी कुलूप लागलं नाही.

"विरळनीच करायची हुती तर हिची करायची," आई आप्पांवरच घसरली. "फडात जन्मली तवा किलोभर हुती. समदी म्हनत हुती टिकायची न्हाई. तवा बरी छातीशी धरून बसला!"

प्लेट आप्पांनी दोन्ही तळहातांवर घेतली होती, आणि ती कुठं ठेवावी हे त्यांना कळत नव्हतं. कुकरचा आवाज थांबला. काटा खाली आला होता.

मी आईच्या कमरेचा मोबाईल घेतला. मॅडमचा नंबर काढला.

"आई, आप्पा, मी आत्ताच मॅडमला फोन लावनार हाय. झालं ते समदं सांगनार. त्यांनी कामावरनं काढलं तर तुमी टेम्पोत बसा, मी आडवनार न्हाई. पर मी न्हाई बसनार. मी तिसगावला आत्याकडं ऱ्हानार अन् दहावी देनार."