पुढचं वाक्य

बत्तीस वर्षं आजोबांनी एकच काम केलं. दुसऱ्याला त्याचं वाक्य आठवून द्यायचं. नाटक कंपनीत ते प्रॉम्प्टर होते. विंगेत तिपाईवर बसायचं, मांडीवर नाटकाची वही, हातात मिणमिणता टॉर्च, आणि नट अडखळला रे अडखळला की पुढचं वाक्य त्याच्याकडे सोडायचं. तेही असं, की नटाला नीट ऐकू यावं आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला पत्ताही लागू नये. सोपं वाटतंय? करून बघा एकदा! कंपनीतले लोक त्यांना 'कुजबुजे' म्हणायचे, आणि त्यांना ते नाव आईबापांनी ठेवलेल्या नावापेक्षा जास्त आवडायचं.

आता ती कंपनी नव्हती, पडदे आणि पेट्या वाहणारा तो खटारा ट्रक नव्हता, कपड्यांच्या पेटीला येणारा डांबरगोळ्यांचा आणि रंगांचा वास नव्हता. उरली होती ती वही, आणि एक नात. नात तिसरीत होती. तिची टकळी सकाळी डोळे उघडायच्या आधीच सुरू व्हायची, म्हणून घरात तिचं नावच टकळी पडलं होतं.

एका दुपारी टकळी शाळेतून धापा टाकत आली आणि दप्तर दारातच टाकून तिने सुरुवात केली. "आजोबा, गोष्ट सांगायची स्पर्धा आहे! आपल्या थोर कलावंतांची! पाठ करून सांगायची, आणि कोणी मधेच सांगितलं तर नाव बाद! आणि पहिलं बक्षीस माहितीये काय? दिव्याचा पृथ्वीगोल! बटण दाबलं की आतून उजळतो. मोठ्या बाईंच्या कपाटात ठेवलाय. मी रोज काचेला नाक लावून बघते."

"नाक पुसून लावतेस ना? बरं, गोष्ट कोणाची सांगणार?"

"मालकांची! पुस्तकात धडा आहे ना सातवा."

आजोबांच्या हातातला चहा बशीत सांडला.

मालक म्हणजे त्यांच्याच कंपनीचे मालक आणि मोठे नट. आता नाट्यगृहाच्या दारात त्यांचा अर्धपुतळा होता आणि तिसरीच्या पुस्तकात धडा. धड्यातली गोष्ट अशी, की एका नाटकात मालक म्हाताऱ्या बापाचं काम करायचे. गेलेल्या मुलीच्या रिकाम्या खुर्चीशी बोलता बोलता ते एका जागी गप्प व्हायचे, आणि इतका वेळ गप्प राहायचे की सगळं नाट्यगृह हुंदके देऊन रडायचं. अशी शांतता कोणाला जमली नाही, असं पुस्तकात लिहिलं होतं.

तालीम सुरू झाली. टकळी बाकी सगळं झकास सांगायची. पण शांततेची जागा आली की तिचा घोडा तसाच चौखूर पुढे उधळायचा.

"अगं, इथे थांब. वीसपर्यंत मोज, मग पुढचं वाक्य."

"वीस? लोकांना वाटेल मी विसरले!"

"वाटू दे."

"पण मालक कुठे विसरले होते? ते तर मुद्दामच थांबले होते. होय ना, आजोबा?"

आजोबांनी वही मिटली. तीस वर्षं त्यांनी या गोष्टीवर तोंडाला कुलूप लावलं होतं. बायको गेली, तिलाही कधी सांगितलं नाही. पण समोर ही चिमुरडी मान तिरकी करून वाट बघत होती, आणि त्या पुस्तकातलं खोटं ती उद्या सगळ्यांसमोर खरं म्हणून सांगणार होती. त्यांना राहवलं नाही.

"विसरले होते," ते म्हणाले. "आणि मीही चुकलो होतो. दुपारचा प्रयोग होता. उकाड्याने जीव नकोसा झालेला. माझ्या घामाने वहीची दोन पानं चिकटली आणि मी भलत्याच पानावर गेलो. मालक थांबले, माझ्याकडून वाक्य यायची वाट बघायला लागले, आणि मला सापडेना! त्यात टॉर्चही खाली पडला. मालक त्या खुर्चीकडे बघत नुसते उभे. शेवटी पान सापडलं, मी वाक्य दिलं, आणि बघतो तर काय, समोर माणसं रडतायत."

"मग मालक ओरडले?"

"मला वाटलं, आज आपली नोकरी गेली. पडदा पडल्यावर आले माझ्याकडे. घामाने नुसते निथळत होते. म्हणाले, 'कुजबुजे, पुढच्या प्रयोगाला हीच चूक पुन्हा करायची. मी अंगठा बोटावर घासला, की मगच वाक्य द्यायचं. आणि याचं कुठे बोलायचं नाही.' मी शब्द दिला. तीनशे अकरा प्रयोग केले आम्ही तसे."

टकळीची टकळी बंद पडली होती. असं क्वचितच व्हायचं. मग ती एकदम उसळून म्हणाली, "मग पुस्तकात तुम्ही का नाही?"

"प्रॉम्प्टर दिसत नसतो, वेडाबाई. तो दिसला म्हणजे त्याचं काम बिघडलं."

"मी सांगणार! स्पर्धेत सगळं सांगणार!"

"अजिबात नाही! मी मालकांना शब्द दिलाय. माझी शपथ आहे तुला. यातला एक शब्द बोलायचा नाही."

तिने गाल फुगवले, पाय आपटले, शेवटी शपथ घेतली. पण चेहरा काही सरळ झाला नाही. आजोबांनाही त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही. खरं सांगायचं तर, त्यांनाही आयुष्यात एकदा कोणीतरी नाव घ्यावं असं वाटायचं. का वाटू नये? माणूसच होते ते.

स्पर्धेच्या दिवशी शाळेचा हॉल पालकांनी भरला होता. आजोबा इस्त्रीचा सदरा घालून तिसऱ्या रांगेत बसले. मूर्तिकाराची गोष्ट सांगताना एका मुलाची चिकटवलेली मिशी तोंडात गेली, तरी पठ्ठ्याने गोष्ट पुरी केली. एक मुलगी गायिकेची गोष्ट सांगून, नमस्कार करून, चुकून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. टेबलावर तो पृथ्वीगोल उजळून ठेवलेला होता. मग टकळीचं नाव पुकारलं.

काय सांगत होती पोर! आजोबांची छाती फुगली. शांततेची जागा आली आणि टकळी थांबली. शाब्बास. आजोबा मनात मोजू लागले. दहा. वीस. आता बोल. पंचवीस. तीस. मागे कोणीतरी खोकलं. वर्गबाईंनी पदर तोंडाशी नेला. विसरली की काय? ओठावर वाक्य आलं होतं, पण दिलं तर नाव बाद. त्यांनी ओठ घट्ट मिटले.

टकळीने सरळ त्यांच्याकडे बघितलं आणि अंगठा बोटावर घासला.

तो अंगठा बघितल्यावर कसली स्पर्धा आणि कसला नियम! वाक्य आपोआप बाहेर पडलं, त्याच जुन्या आवाजात. शेजारच्या बाईंनाही कळलं नाही.

टकळीने कानामागे हात धरला. "आजोबा, ऐकू नाही आलं. मोठ्याने सांगा."

सगळा हॉल वळला. शंभर-दीडशे तोंडं त्यांच्याकडे. बत्तीस वर्षांत प्रेक्षकांनी त्यांच्याकडे कधी बघितलं नव्हतं. आजोबा उठून उभे राहिले आणि मोकळ्या आवाजात म्हणाले, "बाळ, तुझी खुर्ची मी अजून कोणाला दिलेली नाही."

हॉलमध्ये कोणी हललं नाही. मग टकळीने तेच वाक्य म्हटलं, गोष्ट संपवली, नमस्कार केला आणि खाली उतरली.

नाव अर्थातच बाद झालं. मोठ्या बाईंनी ते स्पष्ट सांगितलं, पण नंतर स्वतः आजोबांपाशी आल्या. "तो प्रयोग मी लहानपणी पाहिलाय. आईच्या कुशीत तोंड खुपसून रडले होते. तुम्ही तेव्हा कंपनीत होता? हे वाक्य तुम्ही द्यायचात?"

मालक आता नव्हते. आजोबांनी क्षणभर मनातल्या मनात त्यांची माफी मागितली.

"वेळेवर दिलं नाही, बाई," ते म्हणाले. "तेवढंच केलं मी."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग आपली खुर्ची ओढून त्यांनी आजोबांना बसवलं आणि स्वतः उभ्या राहिल्या. "सगळं सांगा मला. पहिल्यापासून."

परत येताना टकळी आजोबांच्या शेजारून चालत होती. पृथ्वीगोल मिशीवाल्या मुलाला मिळाला होता.

"शपथ मोडलीस," आजोबा दटावून म्हणाले.

"कुठे? मी एक शब्द तरी बोलले का त्यातला? तुम्हीच बोललात."

आजोबांना हसू आवरेना, आणि डोळेही भरून आले. त्यांनी तिचा हात घट्ट धरला. थोडं पुढे गेल्यावर विचारलं, "पण मला एक सांग. माझा आवाज उतरला का गं आता? पहिल्यांदा दिलं ते तुला खरंच ऐकू आलं नाही?"

"आलं की," टकळी म्हणाली. "अगदी स्पष्ट."