अर्ध्या बोटाचा हात

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. कमरेचा नव्हे, हाताचा. चार बोटं रुंद, काळा, आणि आतल्या बाजूला शर्टाच्या बटणांएवढ्या आठ चकत्या. त्याच माझे कान. माणसाने बोटं हलवायचं नुसतं मनात आणलं तरी त्याच्या स्नायूंत बारीकशी वीज खेळते. ती मी ऐकतो आणि वायरीतून संगणकाला सांगतो. चुगलखोर म्हणा हवं तर, पण माझा धंदाच तो आहे.

एका लहानशा कारखान्यात, डोळ्याला भिंग लावून बसणाऱ्या बाईंनी माझ्या चकत्या एकेक करून डाख देऊन जोडल्या. पहिली काही वर्षं मी खेळाडूंच्या हातावर काढली. घामाने चिंब व्हायचो, पण रुबाब होता. हातातलं जेवढं मला कळतं तेवढं कुणाला कळत नाही, असा ताठाही चढला होता. मग नवे पट्टे आले, मी खोक्यात गेलो आणि खोकं एका दवाखान्यात गेलं. तिथल्या इंजिनिअर बाईंनी मला पुसलं आणि एका सुतारदादांच्या डाव्या हाताला बांधलं.

हात म्हणजे कोपराखाली वीतभर. पुढचं सगळं चार वर्षांपूर्वी रंध्याच्या मशीनने नेलं होतं.

मित्रांनो, मी हबकलोच. पुढे पंजा नाही, आणि स्नायू मात्र जिवाच्या आकांताने मूठ आवळत होते. इतकी घट्ट मूठ मी गोळाफेक करणाऱ्यांचीही ऐकली नव्हती. हात गेला होता आणि मूठ मागे राहिली होती.

"नखं तळव्यात रुततात," सुतारदादा सांगत होते. "नखं नाहीत, तळवा नाही, मला कळतं हो. पण रुततात."

कोपऱ्यातल्या खुर्चीत त्यांची बायको बसली होती, मांडीवर औषधांची पिशवी. "चार वर्षं हेच ऐकतेय," ती म्हणाली. "नसलेला हात दुखतो म्हणे. शेजारी हसतात, मी त्यांना काय सांगू?" तिच्या बोलण्यात राग नव्हता, थकवा होता.

मोठ्या डॉक्टरांनी दीड महिन्याची मुदत दिली होती. तेवढ्यात फरक पडला नाही, तर कोपराच्या वर पुन्हा कापून बघायचं. त्याने दुखणं थांबेल याची खात्री मात्र तेही देत नव्हते. त्या कोपराखाली फळी दाबून धरून सुतारदादा अजून थोडंफार काम करत. कोपर गेलं की करवतही सुटली.

उपचार असा. समोर पडदा, त्यावर कॅमेरा. आरशात पाहावं तसे सुतारदादा स्वतःला पडद्यावर पाहत, फक्त तिथे त्यांच्या डाव्या हाताला संगणकाने काढलेला पंजा जोडलेला असे. त्यांनी मनात मूठ उघडायची, मी ते ऐकायचं आणि पडद्यावरची मूठ उघडायची. कंटाळा येऊ नये म्हणून गाडी पळवायचा खेळही होता. नसलेलं मनगट वळवलं की गाडी वळे. पहिल्या दिवशी ती नऊ वेळा झाडावर आदळली.

"जन्मभर लाकूड कापलं," सुतारदादा म्हणाले. "आता झाडं सूड उगवतायत."

खेळ त्यांना लवकरच जमला. मूठ मात्र चार आठवड्यांत तसूभरही सुटली नाही. गाडी जाऊन पडद्यावर पंजा आला की त्यांच्या स्नायूंत नुसता गोंधळ माजे. खापर फुटलं माझ्या माथी. बाईंनी माझ्या चकत्या घासल्या, वायर बदलली, मला तीनदा इकडेतिकडे सरकवून बांधलं. मी नीट ऐकत होतो हो, पण माझं कोण ऐकणार? डॉक्टरांनी कापायची तारीख लिहून टाकली.

पाचव्या आठवड्यात छतातला एसी गळायला लागला. कोपऱ्यात पाणी साचलं म्हणून बायकोची खुर्ची पडद्यासमोर आणावी लागली. त्या दिवशी तिने पडदा पहिल्यांदा नीट पाहिला.

"हा कुणाचा हात लावलाय यांना?" तिने विचारलं.

"काकांचाच, काकू. म्हणजे तसाच," बाई म्हणाल्या.

"छे. यांचं अंगठ्याशेजारचं बोट अर्धं होतं. काम शिकताना करवतीने गेलेलं. यांना बघायला गेलो तेव्हा मी आधी तेच पाहिलं होतं."

बाईंनी फाईल उघडली. 'डावा हात, कोपराखाली नाही.' बस, एवढंच. जो हातच उरला नाही, त्याच्या जुन्या जखमा कोण विचारतो?

"काका, तुम्ही का नाही बोललात?"

सुतारदादा ओशाळले. "मला वाटलं, मशीनमध्ये सगळ्यांना एकच हात देतात. तुम्ही इतका गुळगुळीत काढलेला. दुसऱ्याचं हत्यार हातात घेतल्यासारखं व्हायचं, पण नावं कशी ठेवायची?"

बाई तिथेच कामाला लागल्या. पडद्यावरचं ते धडधाकट बोट त्यांनी पेरापर्यंत छाटलं. मागे उभी राहून बायको सांगत होती, "अजून थोडं. नख उरलं नव्हतं. हां. आणि अंगठ्याला घट्टा होता, इथे."

मग तो पंजा सुतारदादांच्या हाताला जोडला. मी इतके दिवस जे ऐकत होतो, ते आता सगळ्यांना दिसलं. ओळखीची बोटं गच्च आवळलेली, अर्धं बोट अंगठ्याखाली दाबलेलं.

बायको पडद्याजवळ वाकली. "अहो, एवढी घट्ट? चार वर्षं?"

"हो."

ती त्यांच्याजवळ आली आणि जिथे काहीच नव्हतं तिथे, हवेत, तिने आपला हात पुढे धरला. पडद्यावर तो बरोबर त्या मुठीखाली आला. "सोडा आता," ती म्हणाली. "कळलं मला. सोडा."

आधी करंगळी सुटली. मग दुसरं बोट, तिसरं, अंगठा. सगळ्यांत शेवटी ते अर्धं. स्नायू सैल पडताना मी ऐकले आणि माझाच माझ्या कानांवर विश्वास बसेना. सुतारदादा लहान मुलासारखे रडले.

ती तारीख डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यात खोडली. दुखणं साफ गेलं असं नाही. मूठ अधूनमधून परत येते, पण आता ती सोडवता येते. "आज मूठ कशी आहे?" असं बायकोच त्यांना विचारते, आणि मी कामावर होतो तोवर जाताना मला ओल्या फडक्याने पुसायची.

आता बिनवायरीचे पट्टे आलेत आणि मी खणात पडून असतो. परवा एका नव्या साहेबांचा आवाज आला, "हे पंजाचं चित्र बिघडलंय वाटतं, एक बोट तुटकं आहे. पूर्ण करून टाकू?" माझ्या आठही चकत्या गार पडल्या. नशीब, बाई धावत आल्या.

मित्रांनो, मला वापरलंत तर पुसून ठेवा, माझी वायर ओढू नका. कुणी दुखतंय म्हणालं, तर दाखव म्हणू नका, आधी खरं माना. आणि कुणाचं काही नीट करायला निघालात, तर ते मुळात कसं होतं, हे त्याला एकदा विचारा.