मला फक्त पाऊस दिसतो

मित्रांनो, मी एक जुना रडार आहे. पणजीपासून थोड्या अंतरावर एक टेकडी आहे. तिच्यावरच्या लोखंडी मनोऱ्याच्या टोकाला, पांढऱ्या गोल घुमटाच्या आत मी राहतो. घुमटामुळे मला कोणी पाहिलेलेच नाही. खालून जाणारे लोक बोट दाखवून सांगतात, ती बघ पाण्याची टाकी. एकदा तर एका बाईने आपल्या मुलाला सांगितले, "देऊळ आसा रे, हात जोड." त्याने जोडलेही. मी गप्प बसलो. आयुष्यात कोणी हात जोडले, तेवढेच!

माझा जन्म इथून फार लांब, एका कारखान्यात झाला. मोठमोठ्या खोक्यांतून माझे तुकडे इथे आले आणि महिनाभर खपून माणसांनी मला उभे केले. पहिल्या दिवशी नारळ फुटला, पेढे वाटले, फोटो निघाले. वर्तमानपत्रात माझे नाव आले. मग सगळे जेवायला गेले, आणि त्यानंतर पेढे घेऊन कोणी वर आले नाही.

माझे काम साधे आहे. गोल गोल फिरायचे आणि आभाळाला साद घालायची. हवेत पाण्याचे थेंब असले की साद त्यांच्यावर आपटून परत येते. त्यावरून पाऊस कुठे आहे आणि केवढा आहे, ते मला कळते. मग मनोऱ्याखालच्या खोलीत, पडद्यावर चित्र उमटते. निळा रंग म्हणजे भुरभुर, पिवळा म्हणजे बऱ्यापैकी सर, आणि लाल म्हणजे मुकाट्याने घरात बसा. आभाळ कोरडे असते तेव्हा मी आठ-आठ दिवस साद घालत राहतो आणि काहीच परत येत नाही. त्या दिवसांत मला फार एकटे वाटते.

लोकांचे म्हणाल, तर मी सांगितलेला पाऊस पडला की कोणी माझे नाव काढत नाही. नाही पडला, की सगळे काढतात.

माझ्याशी बोलणारी एकच व्यक्ती होती, कमलाक्षी. ती खालच्या खोलीत पडद्यासमोर काम करायची. आल्या आल्या मनोऱ्याच्या शिडीवर थाप मारून म्हणायची, "कसो आसा रे म्हाताऱ्या?" ती पेडण्यातल्या केरीची. तिचे वडील सगुण आणि त्यांचा सोबती यशवंत तीस वर्षे एकाच होडीतून मासेमारी करत आलेले. गावात एकाला हाक मारली की दोघे वळून बघायचे.

एका वर्षी कमलाक्षीने माझी चित्रे वडिलांच्या फोनवर पाठवायला सुरुवात केली. "बाबा, लाल दिसला तर जाव नको," एवढे तिने समजावले होते. एक गोष्ट मात्र सांगायची राहून गेली. तिला सुचली नाही, आणि मलाही नाही.

आम्ही जगभरातली रडारमंडळी एकच घड्याळ पाळतो, म्हणजे सगळ्यांची चित्रे एकमेकांशी जुळतात. ते घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. इथे दुपारचे पावणेतीन वाजले, की माझ्या चित्राच्या कोपऱ्यात सव्वानऊ उमटतात. कमलाक्षीला त्याची इतकी सवय होती, की तो आकडा तिला वेगळा दिसायचाच नाही.

दसरा होऊन गेला होता. केरीचे मच्छीमार पावसासाठी दर्याकडे बघतात, पण त्या दिवसांतला गडगडाटी पाऊस पाठीमागून येतो, घाटावरून. एका दुपारी डिचोलीच्या मागे, डोंगरमाथ्यावर ढग उभे राहिले आणि बघता बघता लाल झाले. पावणेतीनला कमलाक्षीने ते चित्र वडिलांना पाठवले. लगेच उत्तर आले, एक अंगठा. तिने निश्चिंत मनाने चहा घेतला.

चार वाजता तो लाल ठिपका पेडण्यावर आला. कमलाक्षीने सहज घरी फोन लावला. आईने सांगितले, "दोगव तीन वाजता जाळा ओढूक गेलेत. बाबान बघितल्यान तुझो फोटो. म्हणालो, सकाळी सव्वानवाचो आसा, तो पाऊस गेलो कधीच."

तिने लगेच फोन ठेवला. वडिलांना लावला तर लागेना. किनाऱ्यावर फोन केले, जीवरक्षकांना केले, शेजाऱ्यांना केले. मग ती पडद्यासमोर येऊन उभी राहिली. लाल रंग केरी ओलांडून दर्यावर पसरत होता. "खंय आसत रे ते?" तिने मला विचारले.

मित्रांनो, मी तेव्हा जिवाच्या आकांताने साद घातली. हजारो, लाखो थेंबांनी उत्तर दिले. त्यांच्याखाली दोन माणसे होती. मला ती दिसली नाहीत.

संध्याकाळी उलटलेल्या होडीला धरून असलेले सगुण जिवंत सापडले. यशवंत दुसऱ्या दिवशी तेरेखोल नदीच्या मुखाशी सापडला.

पंधरा दिवस कमलाक्षी आली नाही. तिच्या जागी आलेला माणूस कामाला चोख होता, पण शिडीवर थाप मारणारा नव्हता. मग एका सकाळी ती आली, आणि तिच्यासोबत सगुण आले. मी फिरायचे काम करत होतो, पण माझे सगळे लक्ष खाली होते.

सगुण पडद्यासमोर बसले. मग हळूच म्हणाले, "यशवंताक वाचूक येय नाय होता गे. तेना माका इचारल्यान, पाऊस येतलो काय? मीच सांगलंय, नाय येवचो."

कमलाक्षी रडू लागली. "माझी चूक, बाबा. येळ मी सांगूक होयी होती."

सगुणांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. जाताना पडद्याला बोट लावून त्यांनी विचारले, "त्या दिसा ह्याच्यात यशवंत दिसलो काय?"

"नाय बाबा. ह्याका फक्त पाऊस दिसता."

त्या दिवसापासून कमलाक्षी चित्रावरचा आकडा पुसते आणि मराठीत लिहिते: आता दुपारचे अमुक वाजले आहेत, पाऊस इकडून येतो आहे, केरीला इतक्या वेळात पोचेल. केरीच्या सगळ्या मच्छीमारांना चित्र पाठवले की ती वडिलांना फोन करते. सगुण आता दर्यावर जात नाहीत. तिचा फोन आला की ते किनाऱ्यावर उतरतात, एकेका होडीपाशी थांबतात आणि मालकाला नावाने हाक मारून सांगतात. एकदा रुद्रेश नावाचा तरुण मच्छीमार वैतागून म्हणाला, "काका, फोनार अंगठो दिलंय मा."

"अंगठो नको," सगुण म्हणाले. "तोंडान सांग." आणि तो बोलेपर्यंत ते तिथेच उभे राहिले.

आता माझे सांधे कुरकुरतात. कधी दोन-दोन दिवस मी बंद असतो आणि कमलाक्षीखेरीज कोणाच्या लक्षातही येत नाही. माझ्या जागी नवा रडार आणायचा, असे खालच्या खोलीत बोलणे चालते. येऊ दे. तो माझ्याहून लांबचे आणि बारीक बघेल. पण होडीत कोण बसले आहे, हे त्यालाही कळणार नाही. ते तुम्हालाच बघावे लागेल. चित्र पाहिलेत तर ते केव्हाचे आहे, तेही पाहा. समजले नाही तर विचारा, लाजू नका. आणि कोणाला धोका कळवलात, तर त्याचा आवाज कानावर पडेपर्यंत थांबा.

मित्रांनो, यशवंत मला कधीच दिसला नाही. त्याच्या डोक्यावरचा पाऊस मात्र मी शेवटपर्यंत पाहिला.