काटा बघून बोला

स्क्रीनवर लाल अक्षरांत 'डाउन' लिहिलेलं होतं, आणि पुण्याहून कॉलवर माझ्या मॅनेजर शिवरंजनी मॅडम अगदी मऊ आवाजात म्हणत होत्या, "आकडा चुकला असेल गं तुझा, पौर्णिमा. होतं असं."

'होतं असं' हे बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यापासून मी चौथ्यांदा ऐकत होते. आधीच्या सहा वर्षांत एकदाही ऐकलं नव्हतं.

काम तसं सरळ होतं. सोलापूरच्या एका टॉवेल कंपनीनं आपल्या कारखान्यापासून क्लाउडपर्यंत स्वतःची वेगळी लाइन घेतली होती, इंटरनेटच्या गर्दीतून न जाणारी. पण लाइन म्हणजे नुसता रस्ता. त्यावरून माहिती जायची तर आत एक नंबर घातलेली वाट आखावी लागते. तिला आम्ही व्हर्च्युअल इंटरफेस म्हणतो. तो नंबर तीन ठिकाणी एकच लागतो: कारखान्याच्या राउटरवर, मधल्या लाइनवाल्यांच्या स्विचवर आणि क्लाउडमध्ये. एका ठिकाणी जरी वेगळा पडला तर हाक जाते, ओ येत नाही. आमचा नंबर होता चारशे सतरा. राउटर आणि क्लाउड ही दोन टोकं मी तामलवाडीच्या घरात बसून लावली होती. मधला स्विच लाइनवाल्यांच्या कल्याणप्पांकडे होता; तेही या कॉलवर होते.

आणि हे आज चाललं नाही, तर सोमवारपासून मला 'हलकं काम' मिळणार होतं. पासवर्ड विसरलेल्या लोकांच्या तक्रारी नोंदवायच्या. मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं, "लेकरू लहान आहे. मीही तेच केलं होतं गं, दोन वर्षं." त्या दोन वर्षांनंतर त्या परत कधी राउटरला हात लावताना दिसल्या नाहीत, हे मी बोलले नव्हते.

खरं सांगायचं तर माझी मलाच खात्री वाटत नव्हती. आठ महिने सलग झोप नाही. परवा चैतालीला लोहाचे थेंब दिले की नाही, तेच आठवेना. म्हणून मी सगळं वहीत लिहिते. डाव्या पानावर दूध, थेंब, ताप. उजव्या पानावर कामाचे आकडे. वही उघडली. चारशे सतरा. राउटर बघितला. चारशे सतरा. क्लाउडचा फॉर्म बघितला. तोच. तरी मन म्हणत होतं, तूच चुकली असशील.

"आत्या," मी माइक बंद करून हाक मारली. "काल मी तुमच्यासमोर नंबर वाचला होता, आठवतोय?"

पुतळाबाई, माझ्या सासूबाई, चैतालीला मांडीवर घेऊन नाचणीची खीर भरवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "चार, एक, सात. म्या परत बोलून दाखिवला न्हाय का?"

बावीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस होत्या त्या. लेकराला वजनकाट्यात ठेवायचं, आकडा मोठ्यानं बोलायचा, सेविकेनं लिहायचा आणि लिहिलेला परत वाचायचा, ही त्यांची पद्धत. मी घरून काम करायला लागले तशी ती माझ्याही कामात शिरली होती.

"मग कुटं आडलंय?"

"मधला माणूस म्हणतोय, त्याच्याकडं पण चारशे सतराच आहे."

"त्यो कशावरनं म्हणतोय?"

"त्याच्याकडं तक्ता आहे आत्या. त्यावरून."

त्यांनी चमचा वाटीत ठेवला. "आमच्या एका बाईनं असंच केलतं. पोरगी काट्यात लोंबकळतीया, आन् बाई मागल्या म्हैन्याची वही बघून वजन सांगतीया. तीन म्हैनं पोरगी सुकत चालली, आन् वहीत गुटगुटीत! तवाच म्या म्हनलं, बाई, काटा बघून बोला. वहीत काय, कुनी बी काय बी लिवतंय."

कानात मॅडमचा आवाज आला. "पौर्णिमा? आहेस ना? असं कर, तो इंटरफेस डिलीट कर. अमरदीप नव्यानं बनवेल."

अमरदीप आमच्या टीममधलाच, दोन वर्षांपूर्वी माझ्याच हाताखाली शिकलेला. तो पुटपुटला, "मॅडम, फॉर्म मला तरी बरोबर दिसतोय..."

"अरे, नव्यानं केलं की सुटतं कधी कधी. पौर्णिमा, कर डिलीट."

बोट बटणापर्यंत गेलंही होतं. सवय असते 'हो' म्हणायची. पण ते बटण दाबलं असतं तर माझा बरोबर असलेला फॉर्म पुसला गेला असता, आणि कागदावर राहिलं असतं एवढंच: पौर्णिमाचं काढलं, अमरदीपचं चाललं.

मी माइक चालू केला. "नाही मॅडम. मी डिलीट करणार नाही."

मागं चैतालीनं खिरीसाठी भोकाड पसरलं. एरवी मी पटकन माइक बंद करते. आज केला नाही.

"काय म्हणालीस?"

"माझी दोन टोकं तपासून झालीत, स्क्रीन दाखवते. तिसरं टोक कुणी बघितलेलंच नाही. कल्याणप्पा, तुमच्या स्विचवर नंबर काय आहे?"

"सांगितलं की ताई, चारशे सतरा. शीटमध्येच हाय."

"शीट नको. स्विचवर लॉगिन करा आणि समोर दिसतंय ते वाचा."

"ताई, आमची शीट कधी चुकत न्हाय. आन् लेकरू लई रडायलंय तुमचं, आधी त्येला बघा."

"तिला तिची आजी बघतेय. तुम्ही स्विच बघा."

अमरदीप खुदकन हसला आणि लगेच खोकला. मॅडम म्हणाल्या, "पौर्णिमा, वेळ जातोय."

"दोन मिनिटं जातील, मॅडम. हे लिहून ठेवा, की मी मागितली."

कल्याणप्पांचा कीबोर्ड वाजत राहिला. मग थांबला.

"कल्याणप्पा, वाचा."

"...तीनशे अठ्ठावीस."

"परत वाचा. एक एक आकडा."

"तीन, दोन, आठ. ताई, ह्यो तुमच्या दुसऱ्या लाइनीचा हाय. बॅकअपची जी गुरुवारी व्हायची हाय, तिचा. शीटमध्ये दोन्ही ओळी खालीवर हायत्या. टाकताना खालची उचलली, अन् सांगताना वरची वाचत बसलो."

"बदला. आणि बदलून झाल्यावर स्क्रीनवरून वाचा."

"चार. एक. सात."

"चार, एक, सात," मी परत बोलले. माझ्या मागून आत्याही बोलल्या. तो आवाज पुण्यापर्यंत गेला.

मिनिटभर काहीच हललं नाही. मग लाल अक्षरं गेली आणि हिरव्यात 'अप' आलं. टॉवेल कंपनीचे आकडे त्या वाटेनं जायला लागले.

"छान," मॅडम म्हणाल्या. "रिपोर्टमध्ये 'टीमनं सोडवलं' असं लिहूया. आणि सोमवारचं..."

"रिपोर्ट मी लिहितेय, मॅडम. त्यात तिन्ही ठिकाणचे नंबर असतील, आणि कुणी कधी वाचले तेही असेल. इंटरफेस माझ्या नावावर आहे, तो तसाच राहील. सोमवारचं हलकं काम मला नको. गुरुवारची बॅकअप लाइन मीच लावणार."

"अगं, तुझ्याच सोयीसाठी म्हणत होते मी."

"माझी सोय मला विचारा ना, मॅडम."

मग त्या म्हणाल्या, आणि आवाज आता मऊ नव्हता, "गुरुवारी किती वाजता?"

"अकरा. तेव्हा ती झोपलेली असते. नसली तर रडेल."

मी वही ओढली. उजव्या पानावर 'गुरुवार, ३२८' लिहिलं. डाव्या पानावर थेंबांची जागा रिकामीच होती.

"आत्या, थेंब दिले का हिला?"

"काटा बघ," त्या म्हणाल्या, आणि बाटली उजेडात धरून कालच्या खुणेखाली उतरलेलं औषध मला दाखवलं.