तुकतुकीत महाराजांची पिवळी फडकी

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये त्या संध्याकाळी दीडशे चेहरे जमले होते आणि दर चेहऱ्यामागे सरासरी नऊ पुटकुळ्या होत्या. मोजायला मला भरपूर वेळ मिळाला, कारण आमचा नंबर त्रेचाळिसावा होता.

समोर तुकतुकीत महाराज बसले होते. त्यांचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. गाल मात्र बाथरूमच्या नव्या टाइल्ससारखे चमकत होते. पद्धत साधी होती. कोपऱ्यातल्या टबातलं ‘शांतिजल’ तोंडावर मारायचं आणि ओल्या चेहऱ्याने पुढे बसायचं. महाराज पिवळंधमक फडकं चेहऱ्यावर दाबत, डोळे मिटून काहीतरी पुटपुटत आणि फडकं उलटून दाखवत. त्यावर लालभडक डाग!

“बघा! चिंतेची आग! रक्तात उकळते, गालावर फुटते. ओढून घेतली!”

दीडशे तोंडांतून एकच ‘आहा’ निघे.

“महाराज, चेहरा चुरचुरतोय,” एक मुलगी म्हणाली.

“चुरचुरणारच. चिंता काय गुदगुल्या करत बाहेर पडते?”

माझ्या शेजारी माझी नात होती. नर्सिंगचं शेवटचं वर्ष, दुसऱ्या दिवशी सकाळी तोंडी परीक्षा. महिनाभर ती जेमतेम चार तास झोपत होती. एका हातात पुस्तक धरायची आणि दुसऱ्या हाताने हनुवटी कुरतडत बसायची. डॉक्टरांनी दिलेल्या ट्यूबने पाच दिवसांत गुण आला नाही, म्हणून ट्यूब ड्रॉवरमध्ये गेली आणि आम्ही इथे आलो.

“अगं, तू नर्स होणार ना? पुस्तकात काय लिहिलंय?” मी हळूच विचारलं.

“आजोबा, पुस्तकातली त्वचा दुसऱ्या कुणाची तरी असते. ही माझी आहे.”

मी टोपी नीट केली.

तिचा नंबर आला. फडकं लाल झालं. महाराजांनी भुवया चढवल्या.

“ही साधी आग नाही, वणवा आहे! अकरा दिवस खोलीबाहेर पडायचं नाही. परक्याची नजर लागली की पुन्हा पेटेल. औषधं बंद.”

“पण उद्या माझी परीक्षा आहे…”

“परीक्षा पुढच्या वर्षीही येईल. चेहरा एकच आहे.”

आणि ती चक्क “बरं” म्हणाली! तीन वर्षांचा अभ्यास एका फडक्यात गुंडाळून ठेवायला पोरगी तयार झाली होती.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्या मावशी गाठोडं घेऊन आत शिरल्या. चेहरा पडलेला.

“महाराज, माफी असावी. तुमच्या शिष्यांनी सकाळी कपडे टाकले, त्यात ही कोरी फडकीही आली होती. मी मेलीने सवयीने सगळंच साबणात बुडवलं. बघा ना काय झालंय!”

गाठोडं सुटलं. तीस फडकी, सगळी लाल.

“हळदीत रंगवलेली दिसतात. हळदीला साबण लागला की लाल होणारच. मीच बघायला हवं होतं.”

मावशी अगदी मनापासून माफी मागत होत्या. इतक्या प्रामाणिकपणे कुणाचा धंदा बुडवलेला मी आजवर पाहिलेला नाही.

“बाई, धुताना तुझ्या मनात चिंता असणार,” महाराज सावरले. “तीच उतरली त्यांच्यावर.”

मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग टबाकडे. पाण्यात बोटं बुडवून चोळून बघितली आणि त्यांचा आवाजच बदलला.

“अहो, हा तर धुण्याचा सोडा! याने माझे हात सोलवटतात, आणि तुम्ही पोरांच्या तोंडाला लावताय? काका, टोपी काढा.”

मी काढली. माझ्या टकलावर पुटकुळी नाही, केस नाही आणि अलीकडे फारशी चिंताही नाही. मावशींनी त्यावर शांतिजल शिंपडलं आणि महाराजांसमोरच्या ढिगातलं कोरं पिवळं फडकं दाबलं. लाल!

“यांच्या डोक्यातल्या शंकांचा दाह!” महाराज ओरडले.

मावशींनी त्याच पाण्याने प्लास्टिकच्या खुर्चीची पाठ ओली केली आणि दुसरं फडकं लावलं. तेही लाल.

“खुर्चीचीही परीक्षा जवळ आली असेल,” मी म्हणालो.

हॉल हसला. पण मागून एक तरुण उठला. “हसा खुशाल! माझे पिंपल्स खरंच गेले. तीन आठवड्यांत!”

महाराजांचे गाल पुन्हा चमकले. तेव्हा माझी नात उभी राहिली. चेहरा सोड्याने लालबुंद झालेला.

“फडक्याशिवाय काय सांगितलं होतं यांनी?”

“दहाला झोपायचं. चेहऱ्याला हात लावायचा नाही.”

“आणि त्या तीन आठवड्यांत दुसरं काय घडलं?”

तो जरा लाजला. “नोकरी पक्की झाली.”

“हेच ते! ताण आला की शरीर काही संप्रेरकं जास्त सोडतं. त्वचेतल्या ग्रंथी जास्त तेल सोडायला लागतात, छिद्रं तुंबतात, सूज वाढते. त्यात आपण झोपत नाही आणि बोटांना चेहऱ्याशिवाय जागा सुचत नाही. ताण हे एकच कारण नसतं. वय असतं, घराण्यातून आलेलं असतं. पण आहे ते ताण भडकवतो. तुझा ताण उतरला, झोप झाली, बोटं थांबली. बरा तू झालास आणि श्रेय फडक्याने घेतलं.”

“मग आम्ही करायचं काय?” मघाची चुरचुरणारी मुलगी.

“सौम्य फेसवॉशने दिवसातून दोनदा धुवायचं, खसाखसा घासायचं नाही. फोडायचं तर अजिबातच नाही. पुरेशी झोप, रोज थोडं चालणं, छातीत धडधडलं की सावकाश श्वास. आणि डॉक्टरांच्या औषधाला सहा-आठ आठवडे द्यायचे. मी पाच दिवस दिले होते.”

“एवढं ठाऊक होतं, तर इथे कशाला आलीस?” कुणीतरी टोमणा मारला.

“घाबरले होते,” ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. महाराज मागच्या जिन्याने उतरले, ते मात्र पुष्कळांनी पाहिलं.

सकाळी ती परीक्षेला गेली, सगळ्या पुटकुळ्या जागच्या जागी घेऊन. उत्तरं चांगली गेली म्हणाली. परीक्षक बाईंच्या नाकावरही एक होती म्हणे.

घाबरण्यात लाज नाही. शिकलेली माणसंही घाबरतात. मात्र घाबरलेल्या माणसाला कुणी चमत्कार दाखवू लागला, तर हात जोडण्याआधी एक प्रश्न विचारा: हे केलं नसतं, तरी असंच घडलं असतं का? तो विचारायला पदवी लागत नाही, थोडा धीर लागतो. आणि उत्तर सापडेपर्यंत कृपा करून चेहऱ्याला हात लावू नका.