सगळी बटणं दोन खणांत

माझी भाची कॉम्प्युटरच्या डेटा स्ट्रक्चर्स विषयात नापास झाली तेव्हा माझ्या भावाने तिला दम भरला. "फेरपरीक्षेत पुन्हा गचकलीस तर कॉलेज बंद. बस मग आत्याच्या दुकानात बटणं विकत!"

मी समोरच बसले होते. माझं दुकान म्हणजे काय शिक्षा आहे? दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. पोरीसाठी मात्र जीव तुटत होता, कारण प्रोग्रॅमिंगचं तिला खरोखरच वेड होतं.

फेरपरीक्षेच्या आदल्या दिवशी ती पुस्तक घेऊन दुकानात आली आणि काउंटरवर डोकं टेकून बसली.

"आत्या, हे हॅश टेबल काही डोक्यात शिरत नाही गं."

"मला कळेल असं सांग बघू."

"म्हणजे वस्तू शोधत बसायचं नाही. वस्तूवरूनच एक आकडा काढायचा. तो आकडा म्हणजे तिचा खण. थेट तोच उघडायचा."

माझ्या पाठीमागे बटणांचे एकतीस खण आहेत. एखादं बटण हवं असलं की मी पहिल्यापासून उघडत जाते आणि गिऱ्हाईक जांभया देत उभं राहतं. "मग इथेच करून दाखव की," मी म्हणाले. मी म्हणायचा अवकाश, तिने सगळे खण जमिनीवर पालथे केले!

"आकडा भोकांवरून काढू," ती म्हणाली. दोन भोकांची बटणं दुसऱ्या खणात, चार भोकांची चौथ्यात. मलाही ही युक्ती फार हुशारीची वाटली. मग काय, आम्ही दोघी मांडी ठोकून बटणं निवडायला बसलो. दुपारपर्यंत ते दोन खण ओसंडून वाहायला लागले, चौथ्याचा तर तळच निखळला. बाकीचे सगळे रिकामे. बटणांना भोकं असून असून असणार किती, हे आम्हा दोन शहाण्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. आम्ही पोट धरधरून हसलो.

हसता हसता ती एकदम थांबली.

"आत्या, परीक्षेत मी हेच केलं होतं! नियमच असा निवडला की सगळी माहिती एकाच जागी कोंबली गेली. म्हणून प्रोग्रॅम रखडला. नियम पसरवणारा हवा!"

मग मी चौथ्या खणाचा तळ ठोकून बसवला आणि तिने नवा नियम केला. बटणाची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजायची, तिला भोकांनी गुणायचं, त्यात रंगाचा ठरवलेला आकडा मिळवायचा आणि एकतीसने भागायचं. बाकी उरेल तो खण. बाकी शून्य आली तर शेवटचा. संध्याकाळी दुकान बंद करताना सगळ्या खणांत थोडी थोडी बटणं होती, आणि पोरगी गुणगुणत होती.

दुसऱ्या दिवशी ती परीक्षेला बसलेली असतानाच कोपऱ्यावरचा शिंपी नमुन्याचं बटण घेऊन आला. "ताई, असली सहा द्या. गिऱ्हाईक खोळंबलंय."

आता आली का पंचाईत! फोन करायची सोय नव्हती. मी पट्टी घेतली. पंधरा मिलिमीटर, चार भोकं, निळ्याचा आकडा सहा. बोटांवर हिशोब केला. सहासष्ट, बाकी चार. चौथा खण उघडला तर निळी बटणं समोर हजर! शिंपी जांभई द्यायचं विसरून गेला.

निकाल लागला त्या संध्याकाळी भाऊ स्वतः दुकानात आला, मागे भाची. "ताई, पास झाली! फेरपरीक्षेला बसलेल्यांत पहिली आली." मी तिला पोटाशी धरलं आणि चक्क रडले.

"चला, आता दुकानात बसायची वेळ नाही येणार हिच्यावर," भाऊ म्हणाला.

खरं सांगते, मला ते लागलं. पण पोरगी फणकारली. "असं कसं, बाबा? माझ्याशिवाय आत्याला एक बटण तरी सापडेल का? मी रोज संध्याकाळी येणार. हो ना गं, आत्या?"

"नाहीतर काय," मी डोळे पुसत म्हणाले. "मला बाईला कुठला जमतोय तो हिशोब!"